स्कॅनर घ्यायला जाताना पिशवी भरून न्या

वहिनींचं दुकान ठाण्याच्या नौपाड्यात, जुन्या सोसायटीच्या तळमजल्यावर. किराणा, थोडं कॉस्मेटिक, शाळेच्या वह्या, आणि बचत गटाकडून येणारी भाजणी, मेतकूट, गोडा मसाला. दोन वर्षांपूर्वी हाताने बिलं लिहिणं बंद करून त्यांनी कॉम्प्युटर घेतला आणि सोबत ऑनलाइन दिसला तो सगळ्यात स्वस्त बारकोड स्कॅनर मागवला. पहिल्या दिवशी बिस्किटाचा पुडा समोर धरला, टुक्क आवाज आला, पडद्यावर नाव आणि भाव उमटला. घरात पेढे वाटायचे तेवढे बाकी राहिले. तिसऱ्या दिवशी मला फोन.

"भाऊजी, हे यंत्र बिस्किटं तेवढी ओळखतंय. दह्याची पिशवी धरली की आंधळं होतं."

दुकानांत बिलिंग सॉफ्टवेअर बसवून देणं हे माझं काम, त्यामुळे घोडबंदर रोडपासून वाशीपर्यंत असली आंधळी यंत्रं मी बरीच पाहिली आहेत. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. बिस्किटाचा पुडा प्रत्येक स्कॅनर वाचतो. सपाट, कोरा, छपाई स्वच्छ. विकणारा तुम्हाला दाखवतो तोही असाच एखादा पुडा किंवा छापील नमुन्याचा कागद. स्कॅनरची खरी परीक्षा तुमच्या दुकानातल्या सगळ्यात वाईट बारकोडवर होते, आणि तो माल विकणाऱ्याच्या टेबलावर नसतो. म्हणून खरेदीला निघताना आपल्या दुकानातला त्रास देणारा माल पिशवीत भरून न्यायचा. वहिनींच्या दुसऱ्या खरेदीच्या वेळी आम्ही हेच केलं. त्या पिशवीत काय काय होतं आणि का, हे सांगता सांगता बाकीचं आपोआप येईल. पण आधी बारकोड म्हणजे नेमकं काय, ते थोडं समजून घेऊ.

पट्ट्यांत भाव नसतो

अमेरिकेत ओहायो राज्यातल्या ट्रॉय गावी, २६ जून १९७४ रोजी, एका सुपरमार्केटच्या काउंटरवर च्युइंगमचं एक पाकीट स्कॅन झालं. आज मालावर दिसतो तसल्या पट्ट्यांचा बारकोड दुकानात वाचून बिल करण्याची ती पहिली वेळ. कल्पना त्याहून जुनी होती. नॉर्मन वुडलँड आणि बर्नार्ड सिल्व्हर यांना तिचं पेटंट १९५२ सालीच मिळालं होतं. तारायंत्राच्या मोर्स लिपीतले ठिपके आणि रेघा खाली ओढून लांब केल्या तर, असा विचार वुडलँडना समुद्रकिनारी वाळूत बोटं ओढताना सुचला. म्हणजे जाड-बारीक पट्ट्या हे मुळात मोर्सचंच भावंड.

आपल्या मालावर असतो तो बहुतेक वेळा १३ आकडी कोड, त्याला ईएएन-१३ म्हणतात. त्याची रुंदी ९५ समान घरांत वाटलेली असते. दोन टोकांना तीन-तीन घरांची हद्दीची खूण, मधोमध पाच घरांची, आणि मधल्या दोन भागांत सहा-सहा आकडे, प्रत्येक आकड्याला सात घरं. हिशेब केलात तर लक्षात येईल की आकडे बाराच झाले. तेरावा, म्हणजे अगदी पहिला आकडा, स्वतःच्या पट्ट्या न घेता डावीकडचे सहा आकडे कोणत्या पद्धतीने लिहिलेत त्यात लपवलेला असतो. डावा भाग आणि उजवा भाग वेगळ्या धाटणीत लिहिलेले असल्यामुळेच पुडा उलटा धरला तरी यंत्राला कळतं.

आपल्याकडच्या बऱ्याच मालावर सुरुवातीला ८९० दिसतं. 'ज्यावर ८९० ते स्वदेशी' हा व्हॉट्सॲपवरचा संदेश तुम्हालाही आला असेल. तसं नाही. ८९० म्हणजे तो नंबर बारकोडचे नंबर देणाऱ्या जीएस१ या जागतिक संस्थेच्या भारतातल्या शाखेने, जीएस१ इंडियाने, दिलेला आहे, एवढंच. माल कुठे बनला याच्याशी त्याचा संबंध नाही.

शेवटचा आकडा तपासणीचा. पहिल्या बारा आकड्यांपैकी पहिला, तिसरा, पाचवा असे एकाआड एक मिळवायचे. उरलेल्यांची बेरीज करून तिला तीनने गुणायचं. दोन्ही मिळून जे येईल त्याला पुढच्या दहाच्या पटीत न्यायला जेवढे कमी पडतात, तो तेरावा आकडा. समजा बारा आकडे आहेत २१०००४५००७५०. एकाआड एक मिळवले तर १२. उरलेले मिळवले तरी १२, त्याची तिप्पट ३६. एकूण ४८. पन्नासला दोन कमी, म्हणून शेवटी २. एखादी पट्टी चुकीची वाचली गेली तर हा हिशेब जुळत नाही आणि स्कॅनर गप्प राहतो. चुकीचा टुक्क करण्यापेक्षा गप्प राहणं बरं.

या तेरा आकड्यांत भाव कुठेच नाही. नावही नाही. स्कॅनर फक्त नंबर वाचतो. त्या नंबरचा माल कोणता आणि केवढ्याचा, हे तुमच्या कॉम्प्युटरमध्ये आधी कोणीतरी भरून ठेवलेलं असतं. हे सांगितलं की अर्ध्या दुकानदारांचा चेहरा पडतो. "म्हणजे हजार आयटम मलाच भरायचे?" हो, काही सॉफ्टवेअरमध्ये तयार यादी मिळते, पण भाव तुम्हालाच तपासावे लागतात.

आणि आपल्याकडे एमआरपीचा घोळ वेगळाच. कंपनीने भाव बदलला तरी व्यवहारात बहुतेक वेळा बारकोड तोच राहतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून साबण, शाम्पू, टूथपेस्ट, बिस्किटं यांचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला, तेव्हा फळीवर एकाच बारकोडचा जुन्या आणि नव्या भावाचा माल शेजारी शेजारी होता. स्कॅनर कितीही महागाचा असता तरी त्याला त्यातला फरक कळणं शक्य नव्हतं. एका नंबरावर दोन एमआरपी ठेवता येतील आणि स्कॅन केल्यावर 'यातला कोणता?' असं विचारलं जाईल, ही सोय सॉफ्टवेअरमध्ये असावी लागते. ती नसेल तर आधी सॉफ्टवेअर बदला, स्कॅनर नंतर.

यंत्राचे तीन प्रकारचे डोळे

पहिला डोळा लेझरचा. आत एक बारीक लाल किरण असतो आणि हलणारा आरसा तो सेकंदाला शंभरेक वेळा इकडून तिकडे फिरवतो, म्हणून आपल्याला एक सलग लाल रेघ दिसते. काळी पट्टी प्रकाश गिळते, पांढरी परत पाठवते. परत आलेल्या उजेडाच्या चढउतारावरून यंत्र पट्ट्यांची रुंदी मोजतं. किरण लाल असल्यामुळे लाल पट्टी त्याला पांढऱ्यासारखीच दिसते. एखाद्या छोट्या उद्योगाने हौसेने पांढऱ्यावर लाल बारकोड छापला असेल तर तो आपल्या डोळ्यांना ठसठशीत दिसतो आणि लाल उजेडाच्या यंत्राला दिसतच नाही. निळ्या किंवा हिरव्या पट्ट्या मात्र चालतात.

दुसरा सीसीडी. किरण नाही, आरसा नाही. एलईडीचा उजेड टाकायचा आणि बारीक संवेदकांच्या एका रांगेवर बारकोडची एक ओळ टिपायची. हलणारा भाग नसल्यामुळे पडझड जास्त सोसतो. पण पाहतो तीही एकच ओळ.

तिसरा टू-डी इमेजर, म्हणजे सरळ छोटा कॅमेरा. तो पूर्ण फोटो काढतो आणि फोटोत बारकोड शोधतो. आडवा, तिरका, उलटा, कसाही धरा. एका ओळीत पट्टी खराब असेल तर दुसरी ओळ बघतो. आणि चौकोनी क्यूआर किंवा त्याच्यासारखाच डेटा मॅट्रिक्स कोड वाचणं फक्त यालाच जमतं, कारण त्यांत माहिती आडवी आणि उभी अशी दोन्ही बाजूंनी भरलेली असते.

वहिनींचा पहिला स्कॅनर लेझरचा होता. दह्याची पिशवी चुरगळलेली, त्यावर गारव्याचे थेंब. लेझरची एकुलती एक रेघ सुरकुतीवरून जाताना पट्ट्यांची मापं बिघडतात, थेंबावर किरण भलतीकडे फाकतो. फोटो काढणाऱ्याला वाचण्याजोगी एखादी ओळ कुठेतरी सापडण्याची शक्यता बरीच जास्त. तरीही इमेजरच्या हाती सगळंच लागतं असं नाही. वेफर्सच्या चकचकीत पाकिटावर त्याचा स्वतःचाच उजेड आरशासारखा परत येतो. तेव्हा पाकीट थोडं कलतं धरायचं, जमून जातं. ही हाताची सवय दोन दिवसांत लागते.

माझं मत विचाराल तर आज नवीन घेताना टू-डी सोडून दुसरं घेऊ नये. पाच-सहा वर्षांपूर्वी मी असं म्हणत नव्हतो, किमतीत फार फरक होता. आता वायरचा साधा टू-डी काही हजारांत येतो. आणि कारणं एकापाठोपाठ एक वाढत चालली आहेत. औषधांचं बघा. १ ऑगस्ट २०२३ पासून देशातल्या ३०० मोठ्या औषध ब्रँडांच्या वेष्टनावर बारकोड किंवा क्यूआर कोड सक्तीचा झाला आणि त्यात बॅच नंबर, बनवल्याची आणि मुदत संपण्याची तारीख असते. मेडिकलवाल्याला ते हाताने टाइप करायचं नसेल तर चौकोन वाचता आलाच पाहिजे. ग्राहक मोबाइलच्या पडद्यावर कूपन दाखवतो, तिथे लेझर हात टेकतो. त्याला परत येणारा उजेड लागतो आणि पडदा स्वतःच उजेड फेकत असतो. आणि जीएस१ने जगभर असं लक्ष्य ठेवलंय की २०२७ संपेपर्यंत दुकानांच्या काउंटरवर पट्ट्यांबरोबर चौकोनी कोडही वाचता यावेत. पट्ट्या लगेच जाणार नाहीत. पण आज घेतलेलं यंत्र पाच वर्षं चालवायचं असेल तर हे ध्यानात ठेवलेलं बरं.

एक धोका मात्र टू-डी बरोबर फुकट येतो आणि तो कोणी सांगत नाही. हल्ली एकाच पुड्यावर पट्ट्यांचा कोडही असतो आणि शेजारी कंपनीच्या वेबसाइटचा क्यूआरही. लेझरला तो क्यूआर दिसतच नव्हता. इमेजरला दोन्ही दिसतात आणि घाईत तो नेमका क्यूआर उचलतो. मग बिलाच्या रकान्यात मालाच्या नंबराऐवजी लांबलचक वेब पत्ता येऊन पडतो आणि सॉफ्टवेअर म्हणतं, असा माल नाही. कोपरखैरण्याच्या एका दुकानात याच कारणावरून नवीन स्कॅनर परत करायची तयारी चालली होती. यंत्र बिचारं बरोबर होतं. स्कॅनरच्या पुस्तिकेत सेटिंगचे बारकोड छापलेले असतात, त्यातला 'क्यूआर बंद' हा स्कॅन केला की काम झालं. मोबाइलवरची कूपनं लागत असतील तर क्यूआर बंद न करता 'फक्त मधोमध असलेलाच कोड वाच' हे सेटिंग शोधायचं. म्हणून ती पुस्तिका रद्दीत घालू नका. मी ती काउंटरच्या खणात आतून चिकटवूनच देतो.

आता ती पिशवी

वहिनींच्या पिशवीत आम्ही घातलं ते असं: दह्याची पिशवी, वेफर्सचं पाकीट, एकत्र बांधलेल्या चार साबणांचा गठ्ठा, ओठांना लावायच्या मलमाची बोटाएवढी नळी, गिऱ्हाइकाने परदेशातून आणून दिलेलं चॉकलेट, वहिनींनी स्वतः छापलेलं स्टिकर लावलेला भाजणीचा पुडा, आणि एक जुना मोबाइल, त्यात कूपनचा फोटो.

साबणांच्या गठ्ठ्यात गंमत असते. गठ्ठ्याच्या वरच्या वेष्टनाला वेगळा बारकोड असतो, पण पारदर्शक कागदातून आतल्या एका साबणाचाही दिसतो. जो आधी दिसेल तो स्कॅनर वाचणार. चार साबण गेले आणि बिल एकाचं झालं, असं दिवसातून दोनदा झालं तरी महिन्याअखेर भोक पडतं. विकणाऱ्याकडे गठ्ठा चारही बाजूंनी फिरवून पाहायचा, आणि दुकानात मात्र उपाय यंत्राचा नसून माणसाचा: पडद्यावर उमटलेलं नाव वाचायचं.

अमेरिकेतून आलेल्या चॉकलेटवर तिकडचा १२ आकडी कोड असतो. तोच पुढे शून्य लावून १३ आकडीही लिहिता येतो. एक स्कॅनर शून्य पाठवतो, दुसरा पाठवत नाही. जुन्या स्कॅनरने भरलेला माल नव्या स्कॅनरला सापडत नाही तो यामुळे. हेही पुस्तिकेतल्या एका बारकोडने बदलता येतं.

नळीचं दुखणं मुळातलं. गोल वस्तूवर पट्ट्या शिडीच्या पायऱ्यांसारख्या एकाखाली एक यायला हव्यात, म्हणजे सगळ्या एका नजरेत मावतात. कुंपणाच्या काठ्यांसारख्या उभ्या, नळीच्या घेराभोवती छापल्या तर शेवटच्या पट्ट्या वळणामागे जातात. आमच्या नळीवर तसंच होतं. तीन दुकानं, सात यंत्रं, एकानेही वाचली नाही.

पिशवी घेऊन गेल्यावर विकणारे कसे बघतात तेही सांगतो. पहिल्या दुकानात, स्टेशनजवळच्या गल्लीत, मालक वैतागला. "मॅडम, सगळं वाचतं, डेमो बघा ना." डेमो म्हणजे पुन्हा तोच छापील कागद. आम्ही निघालो. तिसऱ्या दुकानातल्या मुलाने मात्र पिशवी बघून स्वतःच खुर्ची पुढे ओढली आणि त्याच्याकडच्या चारही यंत्रांनी दही वाचायचा खेळ मांडला. खरेदी तिथेच झाली.

दुकानात पाहताना आणखी एक करा. कॉम्प्युटरवर नोटपॅड उघडायला सांगा आणि त्यात स्कॅन करा. तेरा आकडे उमटून कर्सर खालच्या ओळीवर गेला पाहिजे. तुमचं सॉफ्टवेअर नसलं तरी यंत्र काय पाठवतंय ते इथे उघडं दिसतं.

कारण साधा स्कॅनर स्वतःला कीबोर्ड म्हणवतो. कॉम्प्युटरला वाटतं कोणीतरी फार भराभर तेरा आकडे टाइप केले आणि एंटर मारला. त्यामुळे वेगळं काही बसवावं लागत नाही, यूएसबी लावली की चालू. पण कीबोर्डचे सगळे गुण-दोषही आले. वहिनी व्हॉट्सॲपवर सोसायटीच्या ग्रुपला मराठीत लिहितात आणि भाषा परत इंग्रजीवर आणायला विसरतात. तसं राहिलं की स्कॅनरही मराठीत टाइप करू लागतो. कोणता मराठी कीबोर्ड निवडलाय त्यावर अवलंबून, इंग्रजी आकड्यांऐवजी देवनागरी आकडे येतील, नाहीतर अक्षरं असलेल्या कोडच्या जागी काना-मात्रांचा चिवडा. पडद्यावर पाहून वाटतं स्कॅनर बिघडला. बिघडलेला नसतो. दुकानात हे दोनदा झाल्यावर मी त्यांच्या पडद्याच्या कडेला कागद लावला: 'आधी भाषा बघा, मग मला फोन करा.'

गन की स्टँड, वायर की बिनवायर

इथे फार गुंतागुंत नाही. दिवसाला शंभर-दीडशे बिलं आणि काउंटर हातभर असेल तर हातात धरायची वायरची गन, म्हणजे पिस्तुलासारखा स्कॅनर, पुरते. सोबत स्टँड मिळत असेल तर घ्या. स्टँडमध्ये ठेवली की ती आपणहून वाचते, दोन्ही हात मोकळे राहतात. फक्त स्टँडवर एकच वस्तू क्षणभर जास्त समोर राहिली की ती दोनदा लागते. 'तोच कोड पुन्हा वाचण्याआधी इतका वेळ थांब' असं सेटिंग असतं, ते थोडं वाढवून ठेवायचं. काउंटरच्या ओट्यात बसवलेले मोठे स्कॅनर रांगा लागणाऱ्या सुपरमार्केटसाठी. लहान दुकानाने त्यात पैसे घालू नयेत.

बिनवायरची हौस सगळ्यांना असते. गोण्या, खोके, मागच्या खोलीतला साठा मोजायचा असेल तर ती उपयोगाची आहे. काही यंत्रं नुसतं आत साठवत जातात आणि काउंटरवर आल्यावर सगळं एकदम ओततात. पण काउंटरवरच वापरायची असेल तर बॅटरी उतरते, गन मागच्या खोलीत तांदळाच्या गोणीवर राहून जाते, आणि संध्याकाळी सात वाजता, रांग असताना, शोधाशोध. वहिनींनी वायरचीच घेतली. वायर मुळाशी सुटी निघते ना, एवढं बघून घ्या. रोजच्या ओढाताणीत आधी तीच जाते, आणि पूर्ण यंत्र फेकण्यापेक्षा नुसती वायर बदलणं परवडतं. मोबाइलला ब्लूटूथने जोडणार असाल तर आणखी एक: स्कॅनर स्वतःला कीबोर्ड म्हणवत असल्यामुळे पडद्यावरचा कीबोर्ड गायब होऊ शकतो. तो परत बोलवायचं बटण कुठे आहे ते विकणाऱ्याकडूनच शिकून घ्या.

दुकान पश्चिमेकडे तोंड करून असेल तर चारनंतर काउंटरवर थेट ऊन येतं. त्या उन्हात लेझरची रेघ फिकी पडते. आणि आपला पावसाळा. ओले हात, दमट हवा, स्कॅनरच्या पुढच्या काचेवर साचणारा मसाल्याचा धुरळा. खोक्यावर 'आयपी' लिहून दोन आकडे असतात. पहिला धुळीपासूनच्या बचावाचा, दुसरा पाण्यापासूनच्या. किराण्याला आयपी५२च्या आसपास असलं तरी भागतं, मासळी किंवा ओल्या भाजीच्या दुकानाने आयपी६५ शोधावं. दीड मीटरवरून पडलं तरी चालतं असं लिहिलेलं असेल तर बरं, कारण ते पडणार आहेच. आणि आठवड्यातून एकदा पुढची काच मऊ फडक्याने पुसा. 'वाचत नाही' या तक्रारींपैकी बऱ्याच त्या फडक्यानेच मिटतात.

खोक्यावर 'मिल' हा शब्दही दिसेल. तेलाच्या गिरणीशी संबंध नाही. १ मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग, ०.०२५४ मिमी. यंत्र किती बारीक पट्टी ओळखतं ते त्यावरून कळतं. मालावरचा पूर्ण मापाचा बारकोड १३ मिलचा, म्हणजे सगळ्यात बारीक पट्टी ०.३३ मिमी. नियमाप्रमाणे तो ८० टक्क्यांपर्यंत लहान छापता येतो. तेव्हा ५ मिल वाचणारा स्कॅनर किराण्याला पुरून उरतो. ३ मिलचं कौतुक सराफांना. अंगठीच्या दोऱ्याला लटकणाऱ्या चिठ्ठीवर जागाच तेवढी असते.

तुमचं स्वतःचं स्टिकर

सगळ्यात जास्त वेळ मला इथेच द्यावा लागतो, कारण इथे दोष स्कॅनरवर जातो आणि चूक प्रिंटरपाशी असते.

वहिनींच्या भाजणीचं स्टिकर त्या सात यंत्रांपैकी दोघांनी वाचलं, बाकीची अडखळली. कारण साधं होतं. स्टिकरचे स्वस्त प्रिंटर २०३ डीपीआयचे असतात, म्हणजे इंचाला २०३, मिलिमीटरला ८ ठिपके. एक ठिपका ०.१२५ मिमी. अर्धा ठिपका छापता येत नाही. सॉफ्टवेअरला ०.३३ मिमीची पट्टी सांगितली तर हिशेबाने २.६४ ठिपके हवेत. मग प्रिंटर काही पट्ट्या दोन ठिपक्यांच्या छापतो, काही तीनच्या. आपल्या डोळ्यांना कळत नाही, पण बारकोडचा सगळा अर्थ पट्ट्यांच्या रुंदीच्या प्रमाणातच असल्यामुळे यंत्र गोंधळतं. बारकोडचं चित्र माउसने ओढून स्टिकरवर 'बसवलं' की नेमकं हेच होतं. पट्टी पूर्ण दोन किंवा तीन ठिपक्यांची ठेवायची, ओढून लहान-मोठी करायची नाही.

दुसरी चूक कोडच्या मजकुरात होती. त्यांनी भाजणीला इंग्रजी अक्षरं आणि आकडे मिसळून आठ चिन्हांचा कोड दिला होता. स्टिकरवर बहुधा कोड-१२८ या प्रकारचा बारकोड छापतात. त्यात एका अक्षराला ११ घरं लागतात, पण नुसते आकडे असतील तर त्याच ११ घरांत दोन आकडे बसतात. सुरुवात, तपासणी आणि शेवटाची खूण धरून आठ अक्षरांना १२३ घरं होतात, आठ आकड्यांना ७९. दोन ठिपक्यांच्या पट्टीने पहिला कोड जवळपास ३१ मिमी होतो, दुसरा २० मिमी. दोन्हीकडे अडीच-अडीच मिमी कोरी जागा सोडावी लागते. ३८ मिमीच्या स्टिकरवर पहिला जेमतेम मावतो, कागद जरा सरकला की कड कापली जाते. म्हणून स्वतःच्या मालाला नेहमी सम संख्येचे, नुसते आकडे द्या.

ती कोरी जागा फार महत्त्वाची आहे. कोड कुठे सुरू होतो हे यंत्राला तिच्यावरून कळतं. 'फक्त ९९' असली रेटची चिठ्ठी आपणच घाईत बारकोडच्या कडेवर चिकटवतो आणि मग स्कॅनरला नावं ठेवतो.

शाई न लागणारं साधं थर्मल स्टिकर उन्हात आणि तेलाने उडतं किंवा काळं पडतं. लोणच्याच्या बरणीला ते लावू नका, रिबनवाला प्रिंटर वापरा.

सुटा माल तोलून देणाऱ्यांसाठी एक सोय आहे. २० ते २९ ने सुरू होणारे नंबर दुकानांच्या अंतर्गत वापरासाठी राखलेले आहेत. मघाशी तपासणीसाठी घेतला तो २१०००४५००७५०२ असाच होता. २१ ही खूण, ०००४५ म्हणजे समजा काजू, ००७५० म्हणजे ७५० ग्रॅम. लेबल छापणारा वजनकाटा हे आपोआप बनवतो. सॉफ्टवेअरला मात्र 'या नंबराचे असे तुकडे कर' हे आधी शिकवावं लागतं.

मोबाइलच्या कॅमेऱ्याने स्कॅन करणारी ॲप आहेत, ती चालतात का, असं बरेच जण विचारतात. माल भरताना चालतात. बिल करताना प्रत्येक वस्तूला फोकस लागेपर्यंत थांबायला लागलं की गिऱ्हाईक घड्याळ बघतं. आणि दुकानाचा फोन वाजला की स्कॅनर कानाला.

वहिनींचं यंत्र आता दीड वर्षाचं झालं. दही वाचतं, भाजणी वाचते, कूपनं वाचतं. ओठांच्या मलमाची नळी अजूनही वाचत नाही, तिचा नंबर वहिनी हातानेच मारतात, न बघता, पाठ झालाय. परवा गर्दीत त्यांचा एक आकडा चुकला. कॉम्प्युटरने नंबर घ्यायला नकार दिला. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "तिप्पट करून बघितलं वाटतं त्याने."